जुम्म्याची गोळी

अकोल्याच्या जुन्या शहरातलं हमिदाबींचं घर शुक्रवारी सगळ्या गल्लीच्या आधी जागं व्हायचं. बाकीचे दिवस त्या घरात जो तो आपल्या मर्जीनं उठे, पण जुम्म्याला हमिदाबी उठल्या की कुणाला डोळा लावायची सोय नव्हती. हातपाय-तोंड धुऊन वजू करायचा, पेलाभर साधं पाणी घ्यायचं, आठवड्यातून एकदाची हाडांची गोळी गिळायची आणि खिडकीजवळच्या तख्तावर पाठ ताठ करून कुराणाच्या तिलावतीला बसायचं. तिलावत संपेपर्यंत चहा नाही, बिस्कीट नाही, कुणाशी बोलणं नाही. गोळी घेतल्यावर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. हमिदाबींची तिलावतही अर्ध्या तासाचीच. दोन्हींची अशी गाठ बसली की त्यातलं अल्लाचं काय आणि डॉक्टरचं काय, हे पुढं पुढं त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं.

उज्मा ही त्यांची सून. बार्शीटाकळीची, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. सासूच्या या शिस्तीची टिंगल तिनं कमी केली नव्हती. "अम्मी, एखाद्या जुम्म्याले गोळी राहिली तं दोजखात थोडीच टाकतीन?" असं ती म्हणे, आणि हमिदाबी तिलावत न थांबवता नुसते डोळे वटारत. पण पाण्याचा पेला भरून ठेवायची ती उज्माच, आणि रमजानात सहेरीच्या, पहाटेच्या खाण्याच्या, आधी उठून सासूच्या हातावर गोळी ठेवायचीही तीच. त्या घरात उर्दू आणि वऱ्हाडी यांची खिचडी चाले. लाड उर्दूत व्हायचे, भांडणं वऱ्हाडीत.

गोळी सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हा हमिदाबी न्हाणीत नुसत्या मटकन बसल्या आणि पाठीचा एक मणका दबला. दुखण्यापेक्षा त्यांनी धसका घेतला तो आईच्या आठवणीचा. त्यांच्या आईची पाठ म्हातारपणी अशी वाकली होती की शेवटी शेवटी ती माऊली माणसं चपलांवरून ओळखायची. पाहुणा आला की आधी त्याचे जोडे बघायची आणि मग सलाम करायची. तिच्या मैयतीला पाठ सरळ करता आली नव्हती, हे हमिदाबी कुणाला सांगत नसत, पण उज्माला एकदा सांगितलं होतं. "झुकाचं ते सजद्यात," त्या म्हणायच्या. "बाकी येळी नाई."

आणि खरोखरच त्या झुकल्या नाहीत. चौऱ्याहत्तरीला बाईची पाठ शाळेतल्या मास्तरणीसारखी ताठ होती. त्याचं सारं श्रेय हमिदाबी गोळीला देत आणि गोळीचं श्रेय वकारला.

वकार त्यांचा एकुलता एक मुलगा, उज्माचा नवरा. बापाच्या नावानं काढलेलं 'बद्रुद्दीन मेडिकल' तोच चालवायचा. गल्लीतली माणसं त्याला अर्धी चेष्टेनं, अर्धी खरोखर 'डॉक्टरसाब' म्हणत आणि त्याला ते आवडे. खोटं कशाला बोला, तो माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांना औषध समजावून सांगायचा, उधारी मागताना आवाज खाली ठेवायचा. फक्त आपल्याला कळतं, याची त्याला फार खात्री होती. दुकान घरचं असल्यामुळं गोळ्यांचं पाकीट संपायच्या आधीच नवं घरात येई. वर्षातून एकदा औषध कंपनीवाले दुकानापुढे मंडप टाकून फुकट तपासणी करत; बायकांची टाच एका यंत्रात घालत आणि हाड किती भरीव ते सांगत. हमिदाबींचा आकडा दरसाल चांगला यायचा. त्या दिवशी घरात शिरखुर्मा व्हायचा.

मागच्या गल्लीतल्या मनकर्णाबाईंनाही गोळी हमिदाबींनीच लावली. नत्थुजींची ही बायको म्हणजे हमिदाबींची तरुणपणापासूनची सोबतीण. नऊ वर्षांपूर्वी ओट्यावरून घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा हमिदाबींनी वकारला हुकूम सोडला आणि वकारनं गोळी सुरू करून दिली. तेव्हापासून दर शुक्रवारी मनकर्णाबाई आपल्या घरी गोळी घ्यायच्या आणि तशाच येऊन तख्ताच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या. इकडे तिलावत चाले, तिकडे त्यांची जपमाळ. दोघी म्हाताऱ्या फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ. अर्धा तास झाला की एकदम तोंड उघडायच्या, आणि मग दोन घरच्या सुनांची काही खैर नसायची.

दिवाळीनंतर हमिदाबी उठता-बसता उजवी मांडी दाबायला लागल्या. "आतून कोनी बोट दाबून राहिलं असं वाटते," म्हणाल्या.

मनकर्णाबाई लगेच म्हणाल्या, "माह्याबी मांडीत चमक निघते बाप्पा. थंडी हाय."

उज्मानं वकारला सांगितलं. त्यानं मलम आणलं, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या आणल्या. महिन्यानं तिनं पुन्हा सांगितलं, हाडाचा फोटो काढून पाहू म्हणाली. "हाडं तं तिचे माह्याहून मजबूत हायेत," तो म्हणाला. "आकडा पायला नाई का? वात हाय तो." उज्मा गप्प बसली. दुकान त्याचं, आई त्याची, आणि आपण बारावी नापास. तिला स्वतःचा राग यायचा तो या गप्प बसण्याचा.

जानेवारीत बार्शीटाकळीला उज्माच्या भाच्याचं, हसनैनचं लग्न निघालं. सगळं घर गेलं. निकाह, जेवणावळी, पाहुण्यांची गर्दी या गडबडीत शुक्रवार आला आणि गेला, आणि गोळ्यांचं पाकीट अकोल्यात कपाटातच राहिलं. हमिदाबींना ते दुपारी आठवलं. त्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. परत येताना गाडीत त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढचा शुक्रवार यायच्या आधीच ते झालं. उज्मा भाकरी थापत होती. हमिदाबी ओट्याजवळ उभ्या राहून वळल्या, फळीवरचा डबा काढायला, बस्स. आधी आवाज आला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा. त्यानंतर हमिदाबी खाली आल्या. हा क्रम उज्माच्या डोक्यात पक्का होता: आधी आवाज, मग पडणं. गल्लीत मात्र एका तासात सगळ्यांचं ठरून गेलं की म्हातारी पडली आणि मांडी मोडली.

त्यांना अमरावतीला नेलं. अकरा वर्षांपूर्वी तिथंच दाखवलं होतं. ते वयस्क डॉक्टर आता हयात नव्हते. नव्या डॉक्टरीण होत्या, पौर्णिमा नावाच्या. केस पिकलेल्या, आवाज हळू. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पडल्या म्हणून मोडलं, की मोडलं म्हणून पडल्या?"

उज्माला एकदम रडू आलं. इतक्या लोकांत हे विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं. "पयले आवाज आला," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर लावला. मांडीचं हाड मधोमध आडवं मोडलं होतं, खडूचे दोन तुकडे करावेत तसं सरळ. "हाडांची आठवड्याची गोळी घेतात ना? किती वर्षं?"

"असतीन... सात-आठ," वकार भिंतीकडं पाहत म्हणाला.

"अकरा," उज्मा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी एकदा वकारकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. "असं बघा. हाड म्हणजे दगड नव्हे. तिथं जन्मभर काम चालू असतं. पेशींची एक टोळी जुनं, थकलेलं हाड खरवडून काढते. दुसरी टोळी मागून येते आणि त्या खड्ड्यात नवं भरते. बाईची पाळी गेली की खरवडणाऱ्यांचा जोर वाढतो, भरणाऱ्या मागं पडतात, हाड आतून पोकळ होत जातं. तुमची गोळी खरवडणाऱ्या टोळीला झोपवते. पहिली काही वर्षं तिचे उपकारच असतात. तुमच्या सासूबाईंची पाठ तिनंच वाचवली, तिला शिव्या देऊ नका. पण चालता-फिरता हाडाला केसाएवढ्या चिरा पडतच असतात. खरवडणारेच वर्षानुवर्षं झोपले, तर चिरलेलं काढणार कोण? आणि जुनं निघालं नाही, तर नवं भरणार कुठं? यंत्रावर हाड भरीव दिसतं. आतून ते शिळं झालेलं असतं. मांडी दुखत होती का त्यांची?"

"तीन महिने," उज्मा म्हणाली. वकारनं रुमाल काढून चष्मा पुसला.

"तेच हाड सांगत होतं." त्यांनी दुसरा फोटो लावला, डाव्या मांडीचा. हाडाच्या बाहेरच्या कडेला चिमणीच्या चोचीएवढा उंचवटा होता. "इथं पण चीर सुरू झालीय. आज मोडल्या पायात सळी टाकते. या पायातही टाकायची आहे, पण त्यांचं रक्त कमी आहे, छातीत कफ आहे, दोन्ही एकदम सोसणार नाहीत. थोडी ताकद येऊ दे. तोवर डाव्या पायावर भार द्यायचा नाही म्हणजे नाही. खुर्चीत बसवताना दोघांनी उचलायचं. मोडायच्या आधी सळी टाकली, तर त्या पुन्हा उभ्या राहतील. त्याआधी मोडला, तर या वयात दोन्ही पाय... मी शब्द देणार नाही."

गोळी बंद. तिच्या जागी रोज पोटात टोचायचं इंजेक्शन आलं, पेनासारखं, फ्रिजमध्ये ठेवायचं. हे भरणाऱ्या टोळीला कामाला लावतं, असं बाई म्हणाल्या. उज्मानं टोचायला शिकून घेतलं.

हमिदाबी घरी आल्या आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. केळी, मोसंबी, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येकाबरोबर तेच बोलणं. "एक जुम्मा गोळी राहिली म्हणते न?" "लग्नात राहिली म्हणते." "बार्शीटाकळीले." बोलणारीची नजर हळूच उज्माकडं वळायची. हमिदाबी तर उघडच म्हणायच्या, "इतके वर्षं टिकलं. सुनेच्या माहेरी एक जुम्मा गेला आनि मोडलं." दुखण्यानं माणूस कडू होतं, हे उज्माला कळत होतं. जिव्हारी लागत होतं ते दुसरंच. वकार तिथंच मोसंबी सोलत बसलेला असायचा. ऐकायचा. डॉक्टरीणबाईचं बोलणं त्यानंही ऐकलं होतं, आणि त्याच्या तोंडून एक अक्षर निघत नव्हतं. सोललेली फोड तो आईच्या हातात द्यायचा आणि दुसरं मोसंबं घ्यायचा.

शुक्रवारी पहाटे हमिदाबींनी गोळी मागितली.

"डॉक्टरनं बंद केली अम्मी. त्या गोळीनंच हाड शिळं झालं."

"ते मांडीची डॉक्टर. हे पाठीची गोळी हाय."

"हाड सारं एकच असते."

"तुले मले आईसारखं वाकेल पाहाचं हाय का?" हमिदाबी म्हणाल्या. "तूच चुकवली, आनि तूच बंद करून राहिली."

उज्मानं कपाटातलं उरलेलं पाकीट काढलं आणि नालीत फेकून दिलं. पण तेवढ्यानं काय होणार? तिच्या सांगण्याला त्या घरात वजन नव्हतं. वजन होतं डॉक्टरसाबच्या शब्दाला.

त्याच दुपारी, जुम्म्याच्या नमाजीवरून येऊन वकारनं दुकान उघडलं, तेव्हा ती बुरखा चढवून तिथं गेली. काउंटरच्या आत जाऊन उभी राहिली. "खरं सांगा. पयल्या डॉक्टरनं किती वर्षं घ्या म्हणलं होतं?"

वकार बराच वेळ एकच ड्रॉवर उघडत-लावत राहिला. "पाच."

"पाच?"

"पाच वर्षांनं दाखवा म्हणे. सुट्टी द्याची का नाई ते पाहू म्हणे. तू भायेर होती, आपल्या लहानग्या फलकले घेऊन. अम्मीचं तवा ध्यानच नव्हतं." त्याचा आवाज अगदी खाली आला. "मंग ते डॉक्टर वारले. आकडा चांगला येत होता. मले वाटलं, चांगलं चालू हाय तं थांबवाचं कायले."

सहा वर्षं. सहा वर्षं ती पेला भरून ठेवत होती. ती बोलायला तोंड उघडणार, तोच काउंटरवर नत्थुजी येऊन उभे राहिले, धोतराचा सोगा सावरत. "वकार, आमच्या बाईची नेहमीची दे रे बाप्पा. सरली म्हणते." वकारनं पाठीमागच्या खणातून न पाहता पाकीट काढलं, कागदी पिशवीत घातलं, दिलं. नत्थुजी हमिदाबींची तब्येत विचारत उभे राहिले. उज्मा दात आवळून ते जायची वाट पाहत होती.

ते गेल्यावर ती म्हणाली, "आज घरी जाऊन अम्मीले सांगा. मी एक चुकवली म्हणून नाई, तुमी थांबवली नाई म्हणून मोडलं. आनि डाव्या पायाचं नीट समजून सांगा. तुमचंच ऐकतीन ते."

"सांगतो."

"कवा?"

"सळी पडू दे डाव्या पायात. आता सांगितलं तं भेदरतीन." तो हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "उज्मा, मोहल्ला मले काय म्हणन?"

"मले जे म्हणून राहिला तेच," ती म्हणाली आणि निघाली. तिला नवऱ्याची कीव आली नाही. आपण ज्या माणसाबरोबर इतका संसार केला तो असा भेकड निघावा, याची तिला लाज वाटली.

डाव्या पायाची तारीख सोमवारची ठरली. हमिदाबींच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं होतं, खोकला कमी झाला होता. रोज इंजेक्शन टोचताना त्या तोंड फिरवून घेत, पण पोट पुढं करत. उज्मा मनात म्हणे, एवढा शुक्रवार निभावू दे.

त्या शुक्रवारी नळाला पहाटेच पाणी आलं. उज्मा अंगणात गुंड भरत होती. पितळेचा हंड्याएवढा मोठा गुंड, भरला की तिला एकटीला उचलत नसे. पाणी काठाला आलं तेव्हा आतून तो आवाज आला. तुराटी मोडल्याचा. नळ तसाच सोडून ती धावली, पण काय दिसणार हे तिला उंबऱ्यावरच कळलं होतं.

हमिदाबी पलंग आणि तख्त यांच्या मधे पडल्या होत्या. डावा पाय मांडीतून भलत्याच बाजूला वळला होता. त्या ओरडत नव्हत्या, नुसत्या धापा टाकत होत्या. पलंगाजवळच्या स्टुलावर रिकामा पेला होता आणि पेल्याजवळ गोळी काढून घेतलेली चकाकती पट्टी.

"अम्मी, उठले काऊन? बलावलं काऊन नाई?"

"गोळी घेतली होती न," हमिदाबी म्हणाल्या. "घेतल्यावर लोळाचं नसते. तख्तावर बसाले जाऊन राहिली होती."

त्यांना घरी भाड्यानं आणलेला तो दवाखान्यासारखा मागं टेकायचा पलंग म्हणजे लोळणंच वाटायचं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरनं जे सांगितलं होतं ते त्या आजही पाळत होत्या. सांगितलेलं सगळं पाळणारी ती एकटीच होती त्या घरात.

उज्मानं पट्टी उचलली आणि मागं पाहिलं. वकार दारात उभा होता. "रात्री लय रडत होती," तो म्हणाला. "एका गोळीनं काय होते, म्हणलं, अन आनून दिली."

एका गोळीनं काहीच झालं नव्हतं, हेही उज्माला ठाऊक होतं. जे व्हायचं ते वर्षानुवर्षं झालं होतं. आज फक्त अम्मी उठल्या होत्या, कारण उठू नका असं त्यांना पटेल अशा तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं. उज्मानं ती पट्टी त्याच्या खिशात घातली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

अमरावतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा बाहेर चांगलं उजाडलं होतं. दुखणं दाबायची सुई दिली होती, तरी रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला हमिदाबींचा चेहरा आवळत होता. उज्मानं त्यांचा हात धरला होता. वकार पायांशी बसला होता.

मग हमिदाबी म्हणाल्या, "वकार, आज तं घेतली होती. मंग काऊन मोडलं?"

वकारनं ओठ ओले केले. "अम्मी, ते... ते बार्शीटाकळीचा जुम्मा राहिला होता न..."

उज्मानं त्याच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, या माणसाला आत्ता, चालत्या गाडीतून खाली ढकलावं. हमिदाबींनीही पाहिलं. मुलाकडं असं पाहताना उज्मानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी मोडली होती, पण अक्कल शाबूत होती. एक गोळी चुकली म्हणून एक पाय मोडला असेल; पण मग आज घेतल्यावर?

"तू सांग," त्या उज्माला म्हणाल्या. "तुले पयले आवाज आलता न. तू सांग."

उज्मानं सांगितलं. पाच वर्षांचं सांगितलं, झोपलेल्या टोळीचं सांगितलं, चिरांचं सांगितलं. आवाज चढू दिला नाही. वकारचं नाव घ्यायची गरज पडली नाही; तो मान खाली घालून रडत होता, नाकातून पाणी गळत होतं आणि तो पुसतही नव्हता. हमिदाबी छताकडं पाहत ऐकत होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं वाहत गेलं, उज्मानं ते ओढणीनं टिपलं. आता त्या मुलाला काय बोलतील, याची तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर वाटही होती.

त्या एकदम म्हणाल्या, "मनकर्णा?"

उज्माला आधी कळलंच नाही.

"तिनंबी आज घेतली असन. जुम्मा हाय." हमिदाबींनी सुनेचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "तिच्या मांडीत चमक निघते म्हणे न ते. उज्मा, तिच्याबी मांडीत चमक निघते."

दुकानातली ती दुपार तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली: नत्थुजी, कागदी पिशवी, आपण आवळलेले दात. आपल्यावरचा आळ आपल्याला एवढा मोठा झाला होता की डोळ्यांदेखत गेलेलं ते पाकीट आपल्याला दिसलं नाही. तिनं घाईघाईनं मोबाइल काढला, मनकर्णाबाईंचा नंबर लावला.

"त्याले दे," हमिदाबी म्हणाल्या. "तो सांगन."

वकारनं फोन घेतला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून मनकर्णाबाईंचा मोठा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "कोन, वकार? कशी हाय रे माही हमिदाबी? मले आताच समजलं. मी तुमच्याच घरी हाय. दारं सताड उघडे, नळ चालू, सारं आंगन पान्यानं भरलं..."

"मावशी, माह्यं ऐका. तुमी बसेल हा का उभ्या?"

"बसू कायले? पसारा आवरून राहिली."

"मावशी, खाली बसा. पयले बसा. ते गोळी, मी दिलेली, माही चूक झाली मावशी, तुमची मांडी..." त्याचा आवाज फाटला.

"रडू नको रे बाप्पा. बसते. एवढा नळापाशी भरेल गुंड हाय, तो आत ठेवते अन मंग बसते."

"मावशी, नोका उचलू!" वकार ओरडला. "मावशी!"

पलीकडं फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.